गुडघाभर पाणी

फेब्रुवारीतल्या एका रविवारी बाबांनी फोनवर विचारलं, "त्या खड्ड्यात पाणी साठलं का गं?" मी भांडी विसळत होते, फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलेला. कुठला खड्डा हे आठवायला दोनेक सेकंद गेले आणि आठवल्याबरोबर मी म्हणाले, "हो, साठलंय की." "किती?" "असेल गुडघाभर." पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग ते "बरं" म्हणाले आणि आईच्या औषधांवर आले. फोन ठेवला, हात पुसले, खिडकीशी गेले तेव्हा काचेच्या कोपऱ्यात बर्फाची नक्षी धरलेली दिसली आणि आपण काय बोलून बसलो ते माझ्या ध्यानात आलं. बाहेर उणे चौदा होतं. मी त्या जंगलात ऑक्टोबरनंतर पाऊल ठेवलं नव्हतं. आणि बाबा रोज सकाळी दात घासायच्या आधी मोबाइलवर आमच्याकडचं तापमान बघतात. उणे चौदात गुडघाभर पाणी साठत नाही, हे तिसरीतलं पोरही सांगेल. बाबा तर पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं ओव्हरसिअर होते.

त्यांनी मला पकडलं होतं आणि बोलले नव्हते.

आई-बाबा सप्टेंबरात आमच्याकडे आले होते. थंडी सुरू व्हायच्या आत परत जायचं या अटीवरच आले होते. ऑक्टोबरात पानं रंगली तेव्हा मी म्हटलं, चला, तुम्हाला हिमनदीने घडवलेला प्रदेश दाखवते. अमेरिकेत आमच्या विस्कॉन्सिन राज्यातलं केटल मोरेनचं जंगल, उत्तरेकडचा भाग. "हिमनदी" हा शब्द मी जरा जास्तच ठसक्यात उच्चारला असणार, कारण शनिवारी सकाळी बाबा दोन स्वेटर, मफलर आणि माकडटोपी अशा जय्यत तयारीनिशी गाडीत बसले. डंडी गावाजवळच्या माहिती केंद्रापाशी उतरलो तर लख्ख ऊन. लोक अर्ध्या बाह्यांत फिरतायत. बाबांनी एक चक्कर मारली, टेकड्या बघितल्या, पिवळ्याजर्द झालेल्या झाडांवरून नजर फिरवली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "बर्फ कुठाय?" दोघंतिघं वळून बघायला लागले. मराठी कुणाला कळणार होतं, पण मला कानकोंडं झालं. मी म्हणाले, "अहो बाबा, दहा-पंधरा हजार वर्षांपूर्वी गेला तो." शब्दांत काही वावगं नव्हतं. वावगं होतं ते माझ्या सुरात. बाबांनी माकडटोपी काढली, तिची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

त्यानंतर मी फलक वाचून दाखवायला लागले. सावकाश, सोपं करून, लहान मुलाला सांगावं तसं. शेवटच्या हिमयुगात उत्तरेकडून आलेला बर्फाचा थर कसा पसरला, त्याचे दोन पदर इथे कसे भिडले, एक ग्रीन बे नावाच्या खाडीच्या खोलगटातून उतरलेला आणि दुसरा मिशिगन सरोवराच्या पात्रातून आलेला. दोघांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत दोन्हीकडचा माल येऊन पडत राहिला आणि शंभरावर मैल लांबीची ही टेकड्यांची रांग, म्हणजे मोरेन, तयार झाली. टी. सी. चेंबरलिन नावाच्या भूशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये हे दोन पदरांचं गणित मांडलं. मी वाचत होते, आई मान डोलावत होती. बाबांचं लक्ष फलकाकडे नव्हतंच. ते फलकाच्या खांबाशी वाकून बुटाच्या टोकाने माती उकरत होते. मला वाटलं, कंटाळले.

मी आठ-नऊ वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत ते मला कालव्यावर घेऊन जायचे. पाणी बंद असायचं, दुरुस्तीचे दिवस. कोरड्या कालव्याच्या तळातून चालताना दोन्ही बाजूंना भिंती चढलेल्या आणि वर आभाळाची फक्त एक पट्टी. तळाला वाळलेल्या गाळाच्या खपल्या, कडा वर वळलेल्या, पाय पडला की पापडासारख्या मोडायच्या. ते मला रंगीत आकड्यांची उंच पट्टी धरून उभं करायचे आणि लांबून दुर्बिणीतून बघत ओरडायचे, "हलू नकोस!" मी श्वाससुद्धा रोखून धरायचे. मग जवळ येऊन मूठभर माती उचलायची, माझ्या तळहातावर ठेवायची आणि विचारायचं, "सांग, हिच्यातून पाणी जाईल का राहील?" मी अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायचे. ते कधी रागावले नाहीत. "परत चोळून बघ," एवढंच म्हणायचे. माहिती केंद्राच्या त्या फलकाशी मला हे आठवलं असतं तर बरं झालं असतं. पण असल्या गोष्टी वेळेवर आठवत नाहीत.

डंडी माउंटन चढायचा बेत आईच्या गुडघ्यांमुळे रद्द झाला. माउंटन कसला, मोठा ढीगच तो, बर्फातल्या भोकातून कोसळणाऱ्या पाण्याबरोबर खाली पडत गेलेल्या वाळू-गोट्यांचा. त्याऐवजी पायवाटेचा एक सपाट तुकडा धरायचं ठरलं. या वाटेची मोठी गंमत आहे. हिचं नाव आइस एज ट्रेल, ती सगळीच्या सगळी विस्कॉन्सिन राज्यात आहे, लांबी सुमारे १,९०० किलोमीटर, आणि शेवटचा बर्फ जिथवर येऊन थांबला त्या काठाकाठाने ती साधारण जाते. त्यामुळे नकाशावर ती कशीही वेडीवाकडी हिंडलेली दिसते. मिलवॉकीच्या रे झिलमर नावाच्या वकिलाच्या डोक्यात १९५० च्या दशकात ही कल्पना आली आणि १९८० मध्ये तिला राष्ट्रीय निसर्गवाटेचा दर्जा मिळाला. तिचे सगळे तुकडे अजूनही सलग नाहीत, मधेमधे चक्क डांबरी रस्त्याने चालावं लागतं. झाडांच्या खोडांवर पिवळ्या रंगाच्या पट्ट्या मारलेल्या असतात, हाताच्या पंजाएवढ्या. एक दिसेनाशी झाली की पुढची दिसते. चुकायची भीती नाही आणि तरी आपण वाट शोधतोय असं वाटत राहतं.

पानांचा सडा इतका पडला होता की स्वतःचं बोलणं ऐकू येईना. मेपलची पानं वर लाल आणि पालथी पडली की फिकट गुलाबी. ओकची चामड्यासारखी तपकिरी. हिकोरीच्या खोडाची साल सुटून लांबलांब पट्ट्यांनी लोंबत असते, जुन्या घराचा रंग सुटावा तशी. या सगळ्याला एक वास असतो, ओल्या पानांचा, थोडा आंबूस, थोडा गोड, वहीत वर्षभर जपलेल्या पिंपळपानासारखा. चिपमंक नावाची खारीची चुलत बहीण गालात ओकची फळं कोंबून आमच्यासमोरून तीनदा गेली. आईला तिचंच कौतुक. बाबा मात्र गप्प होते आणि दर दहा पावलांना वाटेच्या कडेला वाकून काहीतरी उचलत होते, बघत होते, टाकत होते.

मग तो बांध आला. पार्नेल एस्कर. जंगलाच्या सपाट तळावर नागमोडी उठलेली, दोन्ही बाजूंना उतरती, माथ्यावर जेमतेम दोन माणसं चालतील एवढी रुंद वरंब. कुठे पाचेक फूट उंच, कुठे त्याच्या कितीतरी पट. बाबा वर चढले, दोन्हीकडे बघितलं आणि थांबले. "हा भराव कुणी घातलाय?" मी परत फलकवाली झाले: बर्फाच्या पोटातून बोगदा पडतो, त्यातून वितळलेल्या पाण्याची नदी वाहते, तिचा तळ वाळू-गोट्यांनी भरत जातो. शेवटी बर्फ जातो, म्हणजे नदीच्या भिंतीच निघून जातात आणि तळ तेवढा उभा राहतो. हे मी सांगत असताना बाबांचा चेहरा असा काही उजळला की मी बोलायची थांबले. "म्हणजे उलटा कालवा!" ते म्हणाले. "आपण जमीन खणून पाणी नेतो. इथं पाण्यानं जमीन ठेवली." मग ते त्या बांधावरून पुढे निघाले. हात पाठीमागे बांधून, जरासं पुढे वाकून, कालव्याच्या काठाने तपासणीला निघायचे तसे. मी आणि आई मागे राहिलो. वळणावर त्यांची पाठ दिसेनाशी झाली, पुढच्या वळणावर परत दिसली.

परत आले तेव्हा दोन्ही मुठी मिटलेल्या. "हात पुढे कर." मी केला. डाव्या मुठीतलं एका तळहातावर, उजव्या मुठीतलं दुसऱ्यावर. "हे बांधावरचं. हे फलकापाशी उकरलं होतं ते, खिशात ठेवलं होतं." बांधावरची स्वच्छ, गोल, जवळजवळ सारख्या मापाची खडी, चाळून घेतल्यासारखी. दुसरी मात्र सगळीच खिचडी: पिठासारखी बारीक माती, वाळू, एक टोकदार चिपळी, सुपारीएवढा गुलाबी ग्रॅनाइटचा खडा. "पाणी निवडून टाकतं," बाबा म्हणाले. "जोर असला की गोटे, ओसरला की वाळू, थांबलं की गाळ. हे इथलं पाण्यानं आणलंय. आणि हे दुसरं पाण्याचं काम नाही, ढकलगाडीनं आणून ओतल्यासारखं आहे. निवडायला वेळच दिलेला नाही." मी फलक वाचत होते तेव्हा हा माणूस फलकावर लिहिलेलंच खालच्या मातीत वाचत होता, आणि मला वाटलं होतं कंटाळले. तो गुलाबी खडा तर इथला नव्हताच. इथला मूळ खडक फिकट राखाडी, चुन्याच्या जातीचा, डोलोमाइट. ग्रॅनाइट उत्तरेकडून, शेकडो किलोमीटरवरून बर्फावर बसून आलेला. इथल्या शेतांच्या कडेला असल्या धोंड्यांचे ढीग असतात. दरवर्षी नांगराला नवे लागतात, शेतकरी ते वेचून टाकतात. मला बाबांना सांगायचं होतं, तुम्ही बरोबर ओळखलंत. त्याऐवजी मी म्हणाले, "हात मळले माझे."

हेही लागून राहिलंय, पण ते राहू दे.

खड्डा दुपारी लागला. त्याला नाव नाही, नकाशावर खूण नाही. वाट एका काठावरून वळते आणि डावीकडे जमीन एकदम आत जाते, वाटीसारखी, दोनतीन मजले खोल, कडेला मेपल आणि बासवुड, तळाला पानांचा गच्च थर. यालाच केटल म्हणतात. बाबा हसले, "किटली? चहाची?" किटली नव्हे, काहील म्हणायला हवं. इथे येऊन वसलेले शेतकरी राख उकळून पोटॅश काढायचे, त्या मोठ्या भांड्यांवरून पडलेलं नाव. आई वर एका आडव्या पडलेल्या खोडावर बसली. आम्ही दोघं उतरलो. बाबा पावलं मोजत होते. तळाशी पोचलो तर गारवा इतका की बाबांनी खिशातली माकडटोपी काढून घातली आणि माझ्याकडे बघितलं. बोलले काही नाहीत. अशा खोलगटांत थंड हवा उतरून बसते, वर ऊन असलं तरी तळाला दहिवर गोठतं. तेवढा बर्फ तरी त्यांना सापडला म्हणायचा.

मी सांगितलं: मागे हटणाऱ्या बर्फाचा एक तुकडा तुटून पडला, डोंगराएवढा. त्याच्यावर वाळू-गोटे पडत गेले, तो गाडला गेला. मग आत हळूहळू वितळला, कित्येक शतकं घेऊन. "शतकं?" आईने वरून विचारलं. तिला बाबांनीच उत्तर दिलं: "बर्फाच्या लादीवर भुसा टाकतात ना? तसं. वरचा माल म्हणजे भुसा." मग त्यांनी चारही बाजूंचे उतार नजरेने मोजले. "म्हणजे भराव घातला, आतली लादी वितळली आणि भराव खचला. आमच्याकडे असं झालं असतं तर माझी चौकशी लागली असती." आई वर हसली, आवाज खाली वाटीत गोल फिरला. तेवढ्यात त्यांनी तो प्रश्न काढला. इथे पाणी का नाही? आसपासच्या कितीतरी केटल्समध्ये तळी आहेत, काहींत दलदल, टॅमरॅकची झाडं उभी. मग हीच कोरडी का? मी म्हणाले, सगळी खडीच आहे, जिरून जात असेल. ते म्हणाले, तसं नाही, इतकी वर्षं पानं कुजून आणि वरची बारीक माती वाहून येऊन तळाला अस्तर बसलं असणार. बसलं असेल तर पावसाळ्यात साठेल, नसेल बसलं तर कधीच नाही साठणार. "पावसाळा नाही हो इथे," मी म्हणाले. "मग बर्फ वितळेल तेव्हा. तू बघून सांग." काठीने पानं बाजूला करून त्यांनी माती उकरली, चोळली, वास घेतला. माझ्यापुढे धरली नाही. मला तेव्हा ते जाणवलं नाही, नंतर जाणवलं.

ते नोव्हेंबरात गेले. तो महिना इथे हरणांच्या शिकारीचा, जंगलात जायचं तर भडक नारिंगी घालून गेलेलं बरं. मग डिसेंबर, मग पुढचं सगळं. न जायला कारणं भरपूर होती. पण खरं सांगायचं तर मी तो खड्डा विसरले होते. ज्याच्या खालची माती या माणसाने हुंगून बघितली, ज्याच्याबद्दल त्यांच्या मनात एक पैज लागलेली होती, तो खड्डा मी पानं गाडीला चिकटलेली झटकावीत तसा झटकून टाकला होता. आणि त्यांनी विचारल्यावर वेळ मारून नेली. गुडघाभर. खोटं बोलताना माणूस अंगाचंच माप वापरतो. म्हणजे मोजलेलंच नसतं. हे त्यांना कळल्याशिवाय राहिलं असेल?

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी एकटीच गेले. जंगल उघडं-वाघडं. पान नाही, त्यामुळे टेकड्यांची हाडं दिसत होती, ऑक्टोबरात पानांनी झाकलेले सगळे उंचवटे आणि खळगे. उत्तरेकडच्या उतारांवर मळका बर्फ अजून तगून होता. वाट चिखलाने बरबटलेली, बूट प्रत्येक पावलाला चोखल्यासारखा आवाज करत सुटायचा. खड्ड्याच्या जवळ आले तर कुणीतरी बदकं पाळल्यासारखी क्वॅक-क्वॅक. मी काठावर आले आणि एका क्षणात सगळं गप्प. तळाला पाणी होतं. काळंशार, चहाच्या डिकाशनसारखं, झाडांच्या फांद्या त्यात उलट्या उतरलेल्या. मी खाली जाऊन एका मुळावर बसले, हललेच नाही. हलू नकोस. पाचएक मिनिटांनी एक आवाज, मग चार, मग परत अख्खी वाटी भरून गेली. वुड फ्रॉग. बोटाच्या दोन पेरांएवढा बेडूक, डोळ्यांवर काळी पट्टी. हिवाळाभर हा पानांखाली पडून असतो, अंगातलं बरंचसं पाणी गोठलेलं, काळीज बंद. पेशी फुटू नयेत म्हणून गोठायला लागल्याबरोबर यकृतातून रक्तात साखर सोडतो. वसंत आला की वितळतो आणि काही झालंच नाही असा पाण्याकडे येतो.

खाली रेंज नव्हती. काठावर चढून बाबांना फोन लावला. तिकडे संध्याकाळचे सात वाजून गेले होते. "बाबा, मी खड्ड्यापाशी आहे." ते म्हणाले, "आज?" मी म्हणाले, "आज." थोडा वेळ आम्ही दोघंही बेडकांना बोलू दिलं. "बदकं आहेत?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं काय ते. "पाणी आहे म्हणजे." "आहे." "किती?"

मी काही बोलले नाही.

"काठी घाल की."

परत उतरले. फोन बंद न करता खिशात, आवाज तुटत तुटत गेला. एक सरळशी फांदी शोधली, पाण्यात तीन पावलं आत जाऊन तळाला टेकवली. बुटात पाणी शिरलं, इतकं गार की पाय माझा राहिला नाही. ओली खूण बोटाने धरून वर आले, वितीने मोजलं. दीड वीत आणि वर तीन बोटं. सांगितलं. त्यांनी तीनदा विचारून घेतलं, कुठे घातलीस, मधे का कडेला, तळ मऊ लागला का कडक. कडक, मी म्हणाले. दगडासारखा. "मग यावरून काही कळत नाही," बाबा म्हणाले. "खाली जमीन अजून गोठलेली आहे. गोठलेल्या खडीतसुद्धा पाणी राहतं. जमीन सुटल्यावर किती राहतंय ते बघायला पाहिजे. जूनमध्ये जा. आणि त्याच ठिकाणी मोज, दुसरीकडे नको. खूण करून ठेव."

खूण करायला काही नव्हतं. बेडूक परत गप्प झाले होते. उताराच्या पायथ्याशी एक धोंडा अर्धा मातीत रुतलेला दिसला, गुलाबीसर, काळे ठिपके असलेला. दोन्ही हातांनी हलवून हलवून उपटला आणि लोटत पाण्याच्या काठाशी आणला. शेकडो किलोमीटर आलेला तो, मी आणखी सहा फूट पुढे नेला.

"ठेवली का?" खिशातून आवाज आला.